रॉबर्ट बोल्ट : शपथ आणि स्वाक्षरी

ब्रिटिश नाटककार व पटकथाकार रॉबर्ट बोल्ट (१९२४-१९९५) यांचा जन्म मँचेस्टरजवळील सेल येथे झाला. शाळेत इंग्रजीचे अध्यापन करीत त्यांनी लेखन आरंभिले. 'फ्लॉवरिंग चेरी' (१९५७) या नाटकाच्या यशानंतर अध्यापन सोडले.

'अ मॅन फॉर ऑल सीझन्स' (१९६०) या नाटकातील सर थॉमस मोर आठव्या हेन्री राजास अभिप्रेत असलेली शपथ नाकारून मृत्यू पत्करतो. पुढच्याच वर्षी अण्वस्त्रविरोधी आंदोलनातील सहभागाबद्दल बोल्ट यांच्याकडे हमीपत्र मागण्यात आले. ते नाकारल्याने त्यांना कारावास झाला. मात्र 'लॉरेन्स ऑफ अरेबिया' (१९६२) या चित्रपटाची पटकथा अपूर्ण होती. निर्माते सॅम स्पीगल यांच्या आग्रहास्तव त्यांनी अखेर स्वाक्षरी केली. तिची खंत त्यांना पुढे कायम राहिली.

'डॉक्टर झिवागो' (१९६५) आणि मोरवरील नाटकाचा चित्रपट (१९६६) या पटकथांना ऑस्कर पुरस्कार लाभले. १९७९ मधील पक्षाघातानंतरही 'द मिशन' (१९८६) हा त्यांनी लिहिलेला चित्रपट पडद्यावर आला.

मोरच्या नाटकात तडजोड करून जगणारा 'सामान्य माणूस' हेही एक पात्र आहे. बोल्ट यांच्या आयुष्याने मोर व सामान्य माणूस या दोघांमधील अंतर किती थोडे असते हे दाखविले. म्हणूनच हे नाटक केवळ हुतात्म्याची गौरवगाथा म्हणून वाचणे अपुरे ठरते.