हॉस्पिटलचं बिल कुठल्या कोर्टात?
डोंबिवली एमआयडीसीत कामगाराचा हात मशिनमध्ये सापडतो. ठाण्याचं सिव्हिल हॉस्पिटल लांब, म्हणून त्याला जवळच्या खासगी दवाखान्यात नेतात आणि बिल थकतं. हॉस्पिटल त्याची वसुली दिवाणी कोर्टात मागू शकतं. कामगाराने मालकाकडून मागायचा खर्च मात्र 1923 च्या कर्मचारी भरपाई कायद्यानुसार भरपाई आयुक्तांपुढे जायचा, म्हणजे आपल्याकडे कामगार न्यायालयात. त्या कायद्याच्या कलम 19 ने दिवाणी कोर्टाचा हात तिथे बांधला होता. उपचारांचा प्रत्यक्ष खर्च मिळण्याची तरतूद 2009 च्या दुरुस्तीतली. गंमत म्हणजे, कलम 9 मुळे भरपाईच्या रकमेवर हॉस्पिटलला जप्ती आणता येत नव्हती! कामगाराला ईएसआयचा विमा असेल, तर मालकाकडून भरपाई मागायची वाट बंद. 21 नोव्हेंबर 2025 पासून 1923 च्या कायद्याच्या जागी सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली आहे, तेव्हा अपघाताची तारीख आधी पाहा आणि बिलांच्या मूळ पावत्या जपून ठेवा.