हाताची साक्ष

जुनी कागदपत्रे जमविणारे इतिहासाचार्य राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यात निवर्तले, त्याला शंभर वर्षे पुरी होण्याच्या या सुमारास, जुन्या दप्तरांची छायाचित्रे संगणकावर चढविली म्हणजे त्यांचे रक्षण झाले, असे मोठ्या समाधानाने सांगितले जाते. अक्षर वाचेल, यात संशय नाही. पण कागदाचा स्पर्श गेला तो गेलाच.

एरंडोल आणि यावल ही गावे एके काळी देशी कागदासाठी नावाजलेली. त्याच खानदेशात ही हानी कोणाला बोचू नये, याचे वैषम्य वाटते. हौदातील लगद्यातून उचललेला ताव वाळवून, खळ देऊन, गुळगुळीत दगडाने घोटला जाई, तेव्हाच बोरू न अडखळता मोडीची सलग ओळ ओढू शके. गिरणीच्या स्वस्त कागदाने हा धंदा बसविला. पुढची दशके नुसत्या ऱ्हासाची, म्हणून ती ओलांडतो.

परंतु १९८० नंतरचे दशक मी धुळ्यात काढले. कचेरीतील जुने कारकून दप्तराचे रुमाल सोडताच कागद अंगठ्या-तर्जनीत चोळून त्याचे वय, क्वचित बनावटही, ओळखीत. ही विद्या कोणत्याच परीक्षेत नसल्यामुळे त्यांच्या निवृत्तीबरोबर ती बिनबोभाट बरखास्त झाली. त्याच सुमारास प्लॅस्टिकच्या आवरणाचे वेड आले. सनदा, फारखती, खरेदीखते, सारे काही तापवून चिकटविलेल्या पापुद्र्यात कोंडले गेले. परिचयातील एका विद्वान गृहस्थांनी या ‘शास्त्रीय’ उपायाचा हिरीरीने पुरस्कार केला आणि शंका घेणाऱ्यांस पुराणमतवादी ठरविले. उष्णतेने जीर्ण कागद बिघडतो आणि चिकटलेला पापुद्रा सुखासुखी सुटत नाही, हे त्यांस कोणी सांगितले नव्हते असे नाही.

दैवदुर्विलास असा की, जगभरचे ग्रंथसंग्रह जीर्ण पाने सांधण्यास जपानचा हातकागद वापरतात. कोझो झुडपाच्या सालीचे लांब तंतू कुटून केलेला हा ताव कोळिष्टकासारखा तलम, तरी चिवट असतो. जपान्यांनी तो सरकत्या दारांच्या चौकटींत आणि दिव्यांभोवती रोजच्या वापरात ठेवला. म्हणून २०१४ मध्ये युनेस्कोने या कलेचा गौरव केला तेव्हा ती करणारे हात शिल्लक होते. आम्ही मात्र कागद जपण्याच्या गोष्टी केल्या आणि तो करणारे कागदी उपाशी ठेवले.

शताब्दीस भाषणे होतीलच. त्यांच्या खर्चातून एरंडोलास एक हौद बांधावा, तेथे पोरांना ताव उचलावयास शिकवावे आणि तालुक्यातील शाळांनी आपली प्रशस्तिपत्रे त्याच कागदावर द्यावीत. मागणी असल्याखेरीज कोणताही हुन्नर टिकत नाही, आणि व्याख्यानांनी मागणी उत्पन्न झाल्याचे माझ्या पाहण्यात नाही.