मोटारीवरील धूळ : ‘पुसणे’ या क्रियेविषयी एक टिपण

रायगड जिल्ह्यातील माणगाव हे रस्ते एकत्र येण्याचे ठिकाण आहे. मुंबई–गोवा महामार्ग (पूर्वीचा क्र. १७, आताचा क्र. ६६) या गावावरून जातो, पुण्याहून ताम्हिणी घाटाने उतरणारी वाहतूक येथे त्यास मिळते आणि म्हसळा–श्रीवर्धनकडे जाणारेही येथूनच वळतात. या महामार्गाच्या चौपदरीकरणास २०११ साली पनवेल–इंदापूर टप्प्यात प्रारंभ झाला व ते काम वर्षानुवर्षे रेंगाळले. त्या काळात पाऊस सरला की रस्त्याकडेला उभ्या केलेल्या मोटारीवर एका रात्रीत धुळीचा जाड थर बसत असे.

बोलीतील शब्द गोळा करण्याच्या निमित्ताने प्रस्तुत लेखक तेथे राहिला असता, आपल्या काळ्या मोटारीवरील असा थर त्याने एका सकाळी कोरड्या फडक्याने पुसून काढला. मोटार स्वच्छ दिसली. परंतु ऊन वर येताच तिच्या बॉनेटवर बारीक रेघांचे जाळे चमकू लागले. शेजारच्या भाड्याच्या गाडीच्या चालकाने ते पाहून विचारले, “सर, पाणी न मारताच फडकं मारलंत काय?” या प्रश्नात त्या नुकसानीचे कारण व उपाय दोन्ही आलेले आहेत, त्याचेच विवरण येथे करावयाचे आहे.

‘मारणे’ हे क्रियापद मराठीत अनेक नामांच्या जोडीने येते : झाडू मारणे, रंधा मारणे, पाणी मारणे, फडके मारणे. ‘फडके मारणे’ म्हटले म्हणजे काम झटपट उरकल्याचा बोध होतो. फडक्याखाली काय आहे, याचा मात्र होत नाही. ‘पुसणे’ या क्रियापदाचेही तसेच आहे. पाटीवरचे अक्षर पुसतो, ओले अंग पुसतो आणि धूळही पुसतो. पहिल्या दोहोंत पृष्ठभागास इजा होत नाही. तिसऱ्यात ती होऊ शकते, कारण धूळ म्हणजे दगडाचे चूर्ण होय.

धुळीसाठी मराठीत पुरेसे नेमके शब्द आहेत. हवेत उडतो तो धुरळा. वस्तूवर बसते ती धूळ. वाटेवर पाऊल रुतेल इतका मऊ साचतो तो फुफाटा. आणि खडी फोडताना निघतो तो बारीक, टोकदार चुरा म्हणजे कच. रस्त्याच्या कामाजवळ या साऱ्यांचे मिश्रण होते, आणि त्यातील कच सर्वांत घातक. माणगावच्या परिसरातील खडी काळ्या पाषाणाची, म्हणजे बेसॉल्टची असते. त्यातील प्रमुख खनिजांचा कठिणपणा मोह्‌सच्या श्रेणीवर सुमारे ५ ते ६ भरतो. म्हणजे तो काचेच्या जवळपास जातो. उलटपक्षी, मोटारीच्या रंगावरील पारदर्शक लेप काचेहून पुष्कळच मऊ असून त्याची जाडी साधारणतः ४० ते ५० मायक्रॉन, म्हणजे माणसाच्या केसाहून अधिक नसते. कोरडे फडके दाबून फिरविले की कच त्यात अडकतो व फडक्याचा काचकागद होतो.

म्हणून धूळ पुसावयाची नसून सोडवावयाची आहे, हे प्रथम ध्यानात घ्यावे. अंगणात सडा घालून झाडतात, तेवढे पाणी येथे पुरत नाही. शिंपडलेल्या पाण्याने धुळीचा चिखल होतो आणि तो फडक्याबरोबर फरफटत जातो. मोटार सावलीत उभी करावी व पत्रा निवू द्यावा. मग टपापासून खाली भरपूर पाणी सोडावे. थंडीच्या दिवसांत दवाने भिजून पुन्हा वाळलेला थर घट्ट बसतो. तो काही मिनिटे भिजत ठेवून दुसऱ्यांदा पाणी सोडावे. हात न लावता जितकी धूळ वाहून जाईल तितके बरे.

यानंतरच फडक्याची पाळी येते. दोन बादल्या घ्याव्यात : एकीत मोटारीसाठीचा सौम्य साबण, दुसरीत नुसते पाणी. कपड्यांची धुण्याची पूड वापरू नये. तिने रंगावरील मेणाचा थर निघून जातो. मऊ, लोकरी पोताचे फडके साबणात बुडवून, न दाबता, सरळ रेषेत फिरवावे. गोल गोल चोळू नये. प्रत्येक भागानंतर ते साध्या पाण्यात खळबळून मगच पुन्हा साबणात घालावे. चाकांजवळचा भाग सर्वांत शेवटी घ्यावा व त्यासाठी फडके वेगळे असावे. फडक्याखाली करकर ऐकू आली तर तत्काळ थांबून पुन्हा पाणी सोडावे. अखेरीस साबण धुऊन काढावा, पाणी निथळू द्यावे आणि उरलेले थेंब कोरड्या, स्वच्छ फडक्याने टिपून घ्यावेत. ते तसेच वाळले तर पाण्यातील क्षारांचे डाग राहतात.

रायगड जिल्ह्यात वर्षाला सुमारे ३००० मि.मी. पाऊस पडतो, तरी उन्हाळ्यात अनेक वाड्यांवर हंडाभर पाण्याचीही चणचण असते. अशा वेळी काय करावे? समोरची काच व दिवे तेवढे धुवावेत आणि बाकीची धूळ राहू द्यावी. स्वस्थ बसलेली कोरडी धूळ रेघ ओढीत नाही. रेघ ओढतो तो आपला हात. ज्याचा संसार भाड्याच्या गाडीवर चालतो, त्याला प्रवाशापुढे मळकी गाडी उभी करण्याचा संकोच वाटणे स्वाभाविक आहे. परंतु तीच गाडी पुढे विकावयास काढली की तिच्या रंगावरून किंमत ठरते, आणि रोज सकाळी मारलेल्या कोरड्या फडक्याचा हिशेब त्या दिवशी चुकता होतो.

सोडविणे, धुणे, निथळणे, टिपणे : ही चार क्रियापदे या क्रमाने पाळली म्हणजे पाचव्याची, ‘पुसणे’ याची, गरज उरत नाही. त्या चालकाने हे सारे एका प्रश्नात सांगितले होते.