अ‍ॅन्सिबल कंटेनरमधून चालवताना: डब्यात काय भरायचं, काय बाहेर ठेवायचं

मागच्या भागात आपण प्लेबुक लिहिलं आणि तीन सर्व्हरवर एनजिनएक्स बसवलं. आज त्याच प्लेबुकची एक जुनी दुखरी जागा बघू. तुमच्या लॅपटॉपवर ते हिरवंगार चालतं आणि शेजारच्या टेबलावर लाल होतं. फाइल तीच, सर्व्हर तेच. मग बदललं काय?

अ‍ॅन्सिबल मायकल डीहान यांनी २०१२ मध्ये आणलं, २०१५ मध्ये ते रेड हॅटने घेतलं. ते आवडण्याचं मोठं कारण म्हणजे समोरच्या सर्व्हरवर वेगळा एजंट बसवावा लागत नाही. लिनक्स सर्व्हर असेल तर एसएसएच आणि पायथन असलं की भागतं. पण ओझं नाहीसं होत नाही, ते फक्त सरकतं. ज्या मशिनवरून आपण हुकूम सोडतो तिथे अ‍ॅन्सिबल कोअरची आवृत्ती, पायथनची आवृत्ती, कलेक्शन्स आणि त्या कलेक्शन्सना लागणाऱ्या लायब्ऱ्या, हे सगळं जुळावं लागतं. ॲमेझॉनच्या क्लाउडवर काम करायचं तर बोटो३ हवं. विंडोजवर तर अ‍ॅन्सिबल थेट चालतच नाही, डब्ल्यूएसएल किंवा कंटेनर घ्यावाच लागतो.

आवृत्तीने काय फरक पडतो, याचं एक खरं उदाहरण घ्या. समोरच्या सर्व्हरवर पायथन २.७ किंवा ३.६ असेल तरी निभावून नेणारी शेवटची आवृत्ती म्हणजे अ‍ॅन्सिबल कोअर २.१६. मे २०२४ मध्ये २.१७ आली, तिला समोर किमान ३.७ लागतं. आता सेंटओएस ७ चा स्वतःचा पायथन २.७, आणि रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स ८ चा सिस्टीम पायथन ३.६. तुम्ही म्हणाल, ८ वर नवा पायथन शेजारी बसवू. बसवा, बरीच कामं चालतील. पण पॅकेज बसवणारं डीएनएफ मॉड्यूल सिस्टीमच्या पायथनसोबत येणाऱ्या लायब्ररीवर टेकलेलं आहे, ते अडतं. म्हणजे एखाद्याने सहज पिपने अ‍ॅन्सिबल अपग्रेड केलं आणि जुन्या सर्व्हरचा संपूर्ण ताफा त्याच्या हातून निसटला!

कंटेनरचा उपयोग इथे आहे. एक इमेज २.१६ ची, जुन्या सर्व्हरसाठी. दुसरी नव्या आवृत्तीची. पुण्यातला आणि हैदराबादचा सहकारी दोघंही तीच इमेज ओढतात. व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंटने हे होत नाही का? बऱ्याच अंशी होतं, आणि एकट्याने काम करत असाल तर माझं मत आहे की तेच वापरा. पण त्यात मूळ पायथन, एसएसएच क्लायंट, गिट हे लॅपटॉपचेच राहतात. टीम मोठी झाली की फरक तिथूनच शिरतो.

इमेज बनवणं सोपं आहे. पायथनची अधिकृत स्लिम इमेज घ्या. तिच्यात एसएसएच क्लायंट नसतो, तो आठवणीने घाला, सोबत गिट. अल्पाइन आकाराने लहान म्हणून मोह होतो, पण तिथे काही पायथन लायब्ऱ्या तयार मिळत नाहीत, बसून कंपाइल कराव्या लागतात. कोअर आणि कलेक्शन्स दोन्हींच्या आवृत्त्यांचे आकडे फाइलमध्ये लिहून पक्के करा. इमेजला ‘लेटेस्ट’ असा टॅग लावलात तर एवढा खटाटोप वाया. रेड हॅटने याच कल्पनेला एक्झिक्यूशन एन्व्हायर्नमेंट असं नाव दिलंय आणि ती बनवायला अ‍ॅन्सिबल बिल्डर नावाचं टूल आहे. ते शिका, पण एकदा हाताने बनवून मग.

आता खरा विषय. इमेजमध्ये टूल जातं. गुपितं जात नाहीत. एसएसएचची प्रायव्हेट की इमेजमध्ये कॉपी करून पुढच्या ओळीत डिलीट केली तरी ती गेलेली नसते. इमेज थरांची बनते, खालच्या थरात किल्ली तशीच असते आणि इमेज हाती आलेला कोणीही ती काढू शकतो. व्हॉल्टच्या पासवर्डचंही तेच. चांगला मार्ग म्हणजे लॅपटॉपवर एसएसएच एजंट चालू ठेवायचा आणि त्याचा सॉकेट तेवढा कंटेनरमध्ये माउंट करायचा. किल्ली बाहेरच राहते, आत फक्त तिची सही पोहोचते. मॅकवर डॉकर डेस्कटॉपचा यासाठी वेगळा ठरलेला पाथ आहे, तो वापरा.

नोन होस्ट्सची फाइलही बाहेरून, रीड-ओन्ली माउंट करा. कंटेनर दर वेळी कोरा जन्मतो, त्यामुळे प्रत्येक सर्व्हर त्याला अनोळखी. वैतागून लोक होस्ट की तपासणीच बंद करून टाकतात. प्रॉडक्शनवर हे करू नका. समोर आपलाच सर्व्हर आहे याची खात्री करणारी तेवढी एकच गोष्ट असते.

यापेक्षाही घातक आहे लोकलहोस्ट. कंटेनरमध्ये लोकलहोस्ट म्हणजे तुमचा लॅपटॉप नव्हे, तो कंटेनर स्वतः. समजा प्लेबुक असं आहे: डेटाबेसचा डंप काढा, फेच मॉड्यूलने तो आपल्या मशिनवर आणा, सर्व्हरवरचा डंप पुसा आणि मग डेटाबेस अपग्रेड करा. लॅपटॉपवर हे वर्षभर नीट चाललेलं. तेच कंटेनरमधून चालवलं तर डंप कंटेनरच्या टेम्प फोल्डरमध्ये उतरतो. काम संपलं की कंटेनर आपोआप काढून टाकायचा पर्याय आपण दिलेला असतोच. कंटेनर गेला, बॅकअप गेला. स्क्रीनवर मात्र सगळं हिरवं, एकही एरर नाही. म्हणून कंटेनरकडे वळण्याआधी जुन्या प्लेबुकांमध्ये तीन गोष्टी शोधा: फेच, लोकलहोस्टवर सोपवलेली कामं आणि लोकल कनेक्शन. जिथे काही लिहिलं जातं, तो फोल्डर बाहेरून माउंट झालाय ना, हे एकेक करून बघा. लॉग फाइल आणि फॅक्ट्सचा कॅशही याच यादीत.

काही बारीक खडे राहिले, भरभर वेचू. कंटेनर रूट म्हणून चालवला तर लिनक्सवर प्रोजेक्ट फोल्डरमध्ये रूटच्या मालकीच्या फाइली पडतात. म्हणून आपला युजर क्रमांक देऊन चालवायला जावं, तर एसएसएच म्हणतं, या क्रमांकाचा युजरच नाही. इमेज बनवतानाच १००० क्रमांकाचा युजर आणि त्याचं होम फोल्डर तयार ठेवा. उबुंटूवर पहिल्या युजरचा क्रमांक बहुधा तोच असतो. विंडोजवरून माउंट केलेला फोल्डर अनेकदा सगळ्यांना लिहिण्यासाठी खुला दिसतो. अशा फोल्डरमधली कॉन्फिग फाइल अ‍ॅन्सिबल सुरक्षेपोटी वाचत नाही, एक वॉर्निंग देऊन पुढे जातं. तिचा पाथ एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलने स्पष्ट सांगा. फेडोरावर पॉडमन वापरत असाल तर माउंटला एसई-लिनक्सचं लेबल द्यायला विसरू नका, नाहीतर समोर दिसणारी फाइल वाचायला ‘परमिशन डिनाइड’ येईल. आणि कंटेनर सुरू करताना इनिटचा पर्याय लावा, म्हणजे एसएसएचच्या मागे राहिलेल्या प्रोसेस साफ होत राहतात.

एवढं झालं की एकाच टेस्ट सर्व्हरवर पिंग मॉड्यूल चालवा. हे पिंग नेटवर्कचं नव्हे; लॉगिन होतंय का आणि पलीकडचा पायथन उत्तर देतोय का, ते बघतं. पाँग आलं की एक छोटी फाइल फेच करा, कंटेनर बंद करा आणि ती लॅपटॉपवर उघडून पाहा.

पुढच्या भागात हीच इमेज गिटलॅबच्या रनरवर चढवू. तिथे एजंटचा सॉकेट द्यायला तुमचा लॅपटॉपच नसतो, त्यामुळे किल्ली आणायची कुठून, हा प्रश्न सगळ्यात आधी घेऊ.