सावित्रीबाईंची तीन पत्रे

सावित्रीबाई फुले यांनी जोतीरावांना लिहिलेली तीन पत्रे १९८८ साली त्यांच्या समग्र वाङ्मयात प्रसिद्ध झाली. पत्नीने पतीला लिहिलेली ही पत्रे खरी. परंतु घरगुती मजकूर त्यांत अगदी बेताचाच.

पहिले १८५६ चे. आजारपणामुळे बाई माहेरी, नायगावी होत्या. महारामांगांसाठी झटण्याचे सोडून जातिरूढी पाळावी, असे भावाने सुनावले. त्याला दिलेले सडेतोड उत्तर त्यांनी पतीस कळविले आहे.

१८६८ चे पत्रही नायगावचेच, पण प्रसंग जिवावरचा. गणेश हा ब्राह्मण तरुण आणि शारजा ही महार मुलगी यांचे प्रेम उघडकीस येताच गावकरी त्यांना ठार करावयास निघाले. बाई धावत गेल्या, इंग्रजी कायद्याचा धाक घातला. गाव सोडण्याच्या अटीवर दोघे वाचली आणि बाईंनी त्यांना जोतीरावांकडे धाडले. रूढीविरुद्ध बोलणे निराळे, खवळलेल्या जमावापुढे उभे राहणे निराळे!

तिसरे ओतूरचे, १८७७ च्या दुष्काळातले. सत्यशोधक कार्यकर्ते पकडले गेले, तेव्हा बाईंनी कलेक्टरालाच जाब विचारला. त्याने त्यांना सोडले. शिवाय चार गाड्या ज्वारीही पाठविली.