गरोदर स्त्रियांची गटबैठक आणि गावातील स्वयंसेविका

प्रसूतिपूर्व तपासणीचा दिवस ठरलेला असतो, परिचारिका वेळेवर येते, गोळ्यांचा साठाही पुरेसा असतो. तरीही ज्या सुनेला त्या तपासणीची सर्वांत अधिक गरज असते तीच नेमकी खुरपणीला गेलेली असते. हा अनुभव ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांना नवा नाही. तिला बैठकीपर्यंत आणण्याचे काम परिचारिका एकटी करू शकत नाही. ते गावातील माणसांनीच करावयाचे असते.

गटाने घ्यावयाच्या प्रसूतिपूर्व सेवेची पद्धत साधी आहे. साधारण एकाच सुमारास बाळंत होणाऱ्या आठ ते बारा स्त्रिया दरमहा एकत्र बसतात. प्रत्येकीचे पोट व रक्तदाब आडोशाला तपासला जातो. वजन मात्र त्या स्वतः पाहून आपल्या कार्डावर नोंदवितात किंवा स्वयंसेविकेकडून नोंदवून घेतात. त्यानंतर तास-दीड तास बोलणे होते. अमेरिकेत शॅरन शिंडलर रायझिंग या परिचारिका-सुईणीने १९९३ साली या पद्धतीला निश्चित रूप दिले. जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ साली गरोदरपणी किमान आठ भेटी व्हाव्यात असे सुचविताना गटसेवेचाही उल्लेख केला. मात्र तिचा अवलंब कसोशीने अभ्यास करीतच करावा, अशी अटही घातली.

आपल्याकडील परिस्थितीला अधिक जवळचे प्रयोग नेपाळ, झारखंड व ओडिशा येथे झाले. त्यांत तपासणी नव्हती. स्त्रियांच्या बैठकी होत्या आणि त्या चालविणारी गावातीलच एक स्त्री होती. नेपाळमधील मकवानपूर जिल्ह्यात अशा बैठकींतून स्त्रियांनी निधी उभा केला, अडलेल्या बाळंतिणीस वाहून नेण्यासाठी डोलीची सोय केली आणि नव्याने गरोदर राहिलेल्या स्त्रियांच्या घरी जाण्यास आपण होऊन प्रारंभ केला. तेथे नवजात अर्भकांचे मृत्यू ३० टक्क्यांनी घटले. झारखंड व ओडिशातील तीन जिल्ह्यांत 'एकजूट' या संस्थेने २००५ ते २००८ या काळात चित्रे, गोष्टी व खेळ यांच्या साहाय्याने हेच कार्य केले. तेथे शेवटच्या दोन वर्षांत ही घट ४५ टक्के होती.

परंतु सर्वांत बोधप्रद अनुभव बांगलादेशचा आहे. तेथे तीन जिल्ह्यांत प्रथम सुमारे १४०० लोकवस्तीमागे एकच गट होता. बैठकी नियमित झाल्या, पण मृत्यूंच्या प्रमाणात म्हणण्यासारखा फरक पडला नाही. पुढे सुमारे ३०० लोकवस्तीमागे एक गट करण्यात आला व गरोदर स्त्रियांना आग्रहाने बोलाविण्यात आले, तेव्हा नवजात अर्भकांचे मृत्यू ३८ टक्क्यांनी उतरले. अशा सात प्रयोगांचा एकत्रित विचार २०१३ साली झाला. त्यात असे आढळले की, जेथे गरोदर स्त्रियांपैकी निदान ३० टक्के स्त्रिया बैठकीस येत होत्या, तेथे मातामृत्यू जवळजवळ निम्म्याने व नवजात अर्भकांचे मृत्यू एक तृतीयांशाने कमी झाले. म्हणजे बैठक भरली एवढ्याने भागत नाही. तिथे कोण बसले होते, हे पाहावे लागते. पोक्त बायकांनी ओसरी भरली आणि तीन महिन्यांची सून घरीच राहिली, तर नोंदवहीत हजेरी दिसेल; उपयोग दिसणार नाही.

यासाठी स्वयंसेविका गल्लीगल्लीतील, वस्तीवस्तीवरील हवी. तिला अक्षर ओळखता आलेच पाहिजे असे नाही. १९७० साली जामखेड येथे डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी कार्य सुरू केले, तेव्हा त्यांच्या ग्राम-आरोग्यसेविकांपैकी पुष्कळ स्त्रिया निरक्षर होत्या. त्याच कार्यात शेतकरी मंडळेही उभी राहिली, ही गोष्ट या पत्रिकेच्या वाचकांनी ध्यानात घेण्याजोगी आहे. सासूशी बोलून सुनेला सोडवून आणणे स्वयंसेविकेला जमते. पण पेरणीच्या दिवसांत बायकोची एक दुपार मोकळी ठेवणे हे घरधन्याच्याच हाती असते. आठवडी बाजाराचा दिवस टाळून आणि खुरपणीच्या हंगामात सायंकाळची वेळ धरून बैठक ठेवल्यास हे पुष्कळ सोपे जाते.

बैठकीत व्याख्यान नको. लोह व फॉलिक आम्लाची गोळी रोज एक याप्रमाणे १८० दिवस घ्यावयाची, हे पाठ म्हणून दाखविल्याने कोणी गोळी घेत नाही. गोळीने मळमळते, शौचास काळे होते, म्हणून ती फडताळात पडून राहते. दुसऱ्या खेपेची एखादी स्त्री जेव्हा सांगते की, काळे होणे साहजिक आहे, जेवणानंतर घेतल्यास मळमळ कमी होते आणि गोळीच्या आसपास चहा मात्र घेऊ नये, तेव्हा ते ऐकले जाते. अधिक खाल्ल्यास मूल मोठे होऊन बाळंतपण अडते, ही समजूतही अशाच बोलण्यातून सुटते. कीटकनाशकाच्या फवारणीच्या वेळी गरोदर स्त्रीने शेतात थांबू नये, फवाऱ्याचे कपडे तिने धुऊ नयेत, हा विषय तर शेतकरी कुटुंबात अवश्य काढावा.

स्वयंसेविकेच्या कामाला मर्यादाही आहे. तिने औषध देऊ नये, इंजेक्शनास हात लावू नये आणि एकीची घरगुती गोष्ट दुसरीच्या दारी नेऊ नये. तसे एकदा झाले की गट मोडतो. अंगावरून रक्त जाणे, तीव्र डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी, चेहऱ्यावर व हातांवर सूज, झटके, ताप, पाणी जाणे, पोटातील बाळाची हालचाल मंदावणे, यांपैकी काहीही दिसताच पुढील बैठकीची वाट न पाहता दवाखाना गाठावयाचा असतो. १०२ व १०८ क्रमांकाच्या गाड्या आहेत. तरी पावसाळ्यात ओढा चढला तर कोणाचा ट्रॅक्टर निघेल, सोबत कोण जाईल, रक्त कोण देईल, हे सातव्या महिन्यातच ठरलेले असावे. येथे पुरुष स्वयंसेवकांना खरे काम आहे.

दोन प्रसंगी गट हमखास तुटतो. पहिलटकरीण माहेरी जाते, आणि बीड-अहिल्यानगरकडील ऊसतोडणीची कुटुंबे दसऱ्यानंतर कारखान्याच्या वाटेला लागतात. जाणाऱ्या प्रत्येकीजवळ तिचे माता-बाल संरक्षण कार्ड व पुरेशा गोळ्या आहेत ना, हे स्वयंसेविकेने गाडी सुटण्यापूर्वी पाहावे आणि शक्य तेथे त्या गावच्या आशा कार्यकर्तीस निरोप पाठवावा. दरमहा ९ तारखेस सुरक्षित मातृत्व अभियानाखाली सरकारी दवाखान्यांत तपासणी मोफत होते. फडावरच्या मुकादमालाही ही तारीख सांगून ठेवावी.