कात्रज ते स्वारगेट: गुंजवण्याच्या गाडीतून

गुंजवण्याहून निघालेली एसटी साखर, मार्गासनी, विंझर, आंबवणे करत नसरापूर गाठते, चेलाडी फाट्याला महामार्गाला लागते आणि कात्रजचा बोगदा मागे पडला की गाडीतली माणसं पिशव्या आवरायला लागतात. घाई उगाच असते. राजगडाच्या पायथ्यापासून कात्रजपर्यंतच्या वाटेपेक्षा कात्रज ते स्वारगेट हा तुकडा जास्त जीव काढतो. अंतर म्हणाल तर जेमतेम साडेपाच-सहा किलोमीटर. पण गेल्या वीस वर्षांत पुण्याने सार्वजनिक वाहतुकीचे जे जे प्रयोग केले, त्यातले बरेचसे याच तुकड्यावर झाले. आमच्या गुंजण मावळातल्या माणसाने ते सगळे खिडकीतून पाहिले. प्रत्येक वेळी रस्ता उखडलेला असायचा, एवढीच त्याची तक्रार.

पहिला प्रयोग बीआरटीचा. केंद्राने डिसेंबर २००५ मध्ये नेहरू नागरी पुनर्निर्माण योजना जाहीर केली. पुण्याएवढ्या शहराला निम्मा पैसा केंद्राचा, वीस टक्के राज्याचा आणि तीस टक्के पालिकेचा, असा तिचा हिशेब. वर्षभरात, २००६ च्या अखेरीस, कात्रज-स्वारगेट-हडपसर मार्गावर देशातल्या पहिल्या काही बीआरटी मार्गांपैकी एक सुरूही झाला. कल्पना चोख होती. रस्त्यावरची जागा गाड्यांना नव्हे तर माणसांना वाटून द्यायची. एका मोटारीत एक जण आणि बसमध्ये साठ, तर बसला स्वतःची मार्गिका हवीच. पण मार्गिका मधोमध, थांबेही मधोमध, आणि उतरलेल्या म्हातारीने दुचाकींच्या लोंढ्यातून कडेला यायचं कसं, याचा विचार मात्र कोणी फारसा केलेला नव्हता. कठड्यांना भगदाडं पडली, मार्गिकेत मोटारी घुसल्या, पुढे सगळ्याची फेररचना करावी लागली. पैसा कमी पडला म्हणून बीआरटी फसली असं म्हणता येत नाही. पैसा काँक्रीटसाठी आला होता. ती मार्गिका रोज मोकळी ठेवणाऱ्या माणसाच्या पगाराची सोय त्यात नव्हती.

२००७ मध्ये पुण्याची पीएमटी आणि पिंपरी-चिंचवडची पीसीएमटी एक होऊन पीएमपीएमएल झाली. तूट पुणे पालिकेने साठ टक्के आणि पिंपरी-चिंचवडने चाळीस टक्के भरायची, असं ठरलं. या साठ-चाळीसवर दरवर्षी अंदाजपत्रकाच्या वेळी कुरबुर होते, पण सूत्र टिकून आहे. बस तोट्यात चालणार आणि तो तोटा शहराने भरायचा, हे निदान कागदावर मान्य झालं.

यात नवं काही नव्हतं. तिकिटावर शहराची बस जगत नाही, हे मुंबईला फार आधी कळलं होतं. बेस्टची वीज आणि बेस्टची बस एकाच घरातल्या. विजेत उरलेल्या पैशात बसचं भागायचं. कुलाब्याच्या दुकानदाराने वातानुकूलन यंत्र चालवायचं आणि त्यातून परळच्या कामगाराचं तिकीट स्वस्त व्हायचं, अशी ती न बोललेली तडजोड. २००३ च्या वीज कायद्यानंतर दोन्ही हिशेब वेगळे ठेवण्याचा आग्रह वाढला, पुढे वीजबिलातला वाहतूक तुटीचा आकारही गेला, आणि बेस्टला पालिकेच्या दारात उभं राहावं लागलं. २०१९ मध्ये किमान भाडं पाच रुपयांवर आणलं, तेही पालिकेने हात दिला म्हणून. मे २०२५ मध्ये ते दहा झालं. पुढच्याच महिन्यात, १ जूनला, पीएमपीनेही पाचाचे दहा केले आणि महिन्याचा पास नऊशेवरून पंधराशेवर नेला. पॅरिसने १९७१ मध्ये वेगळी वाट काढली होती: माणसं कामावर वेळेत पोचतात याचा फायदा मालकाला होतो, तर त्याने पगारपत्रकाच्या प्रमाणात वाहतुकीसाठी कर द्यावा. आपल्याकडे एमआयडीसीतल्या मालकांना हे सांगून बघा.

दुसरीकडे पेठांची हवा हळूहळू बदलत होती. जुलै २०२१ मध्ये पुण्यदशम आली. छोट्या वातानुकूलित गाड्या, दहा रुपयांत दिवसभर कितीही फिरा. मंडई, लक्ष्मी रस्ता, अप्पा बळवंत चौक या भागात दुचाकी लावायला जागा शोधण्यातच लोकांचा अर्धा तास जातो. तिथे दहाच्या नोटेत दिवस काढून देणं ही साधी पण शहाणी गोष्ट होती. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये पालिकेने पादचारी दिनाला लक्ष्मी रस्त्याचा एक तुकडा गाड्यांना बंद केला. गिऱ्हाईक तुटेल अशी धास्ती दुकानदारांना कायमच असते; त्या दिवशी मात्र रस्ता माणसांनी भरून वाहत होता. गिऱ्हाईक गाडीतून येत नाही, पायांनी येतं, हे व्यापाऱ्यांना कळायला इतकं साधं प्रात्यक्षिक लागलं. मात्र रस्त्यावर गाडी लावण्याचे पैसे घेण्याचं धोरण २०१८ मध्ये काटछाट करून मंजूर झालं होतं, ते कागदावरच राहिलं. मध्यवर्ती शहरातली सगळ्यात महाग जमीन फुकट वापरू द्यायची आणि बसला मात्र तोटा का होतो म्हणून जाब विचारायचा, ही पुण्याची जुनी रीत.

मग मेट्रो. मार्च २०२२ मध्ये तिचे पहिले टप्पे धावले आणि २९ सप्टेंबर २०२४ रोजी ती जमिनीखालून, कसबा पेठ आणि मंडईखालून, स्वारगेटला आली. आमच्याकडच्या माणसाला मेट्रो खरी वाटली ती तेव्हा. स्वारगेटला उतरून मंडईला जायचं म्हणजे रिक्षावाल्याशी वाद. आता एक स्थानक. तांदूळ घेऊन जाणाऱ्यापासून चष्म्याची काच बदलायला निघालेल्यापर्यंत सगळ्यांना ते सोयीचं झालं. स्वारगेट ते कात्रज या भुयारी वाढीव टप्प्याला केंद्राने ऑगस्ट २०२४ मध्ये मंजुरी दिली. साडेपाच किलोमीटरला २,९५४ कोटी, म्हणजे किलोमीटरला साधारण पाचशे चाळीस कोटी. रक्कम ऐकून डोळे पांढरे होतात, पण तेवढ्यावरून तिला उधळपट्टी म्हणणं बरोबर नाही. भुयार शंभर वर्षं टिकतं, आणि त्या रस्त्यावर आणखी रुंदी उरलेलीच नाही.

पाहण्यासारखं आहे ते मेट्रोचा पैसा कुठून येतो हे. केंद्र आणि राज्य भांडवल घालतात, युरोपीय बँक कर्ज देते, पालिका जमीन आणि हिस्सा देतात. शहरातल्या घरखरेदीवर मुद्रांक शुल्कासोबत एक टक्का मेट्रोचा अधिभार बसतो. स्थानकाच्या आसपास चारपर्यंत चटईक्षेत्र निर्देशांक देऊन त्याचं शुल्क घेतात. मेट्रोमुळे ज्याच्या जागेचा भाव वाढला त्याच्याकडून वाढीतला थोडा वाटा घ्यायचा, हे तत्त्व मला पटतं. बसला हे तत्त्व कधी कोणी लावलं नाही, हेच खटकतं.

आता गुंजवण्याची गाडी. सकाळची फेरी कधी नीट पाहावी. पुढच्या बाकांवर शाळेला आणि विंझरच्या कॉलेजला निघालेल्या मुली. शाळकरी मुलींचा पास अहिल्याबाई होळकर योजनेतला, म्हणजे फुकट. मागे एक आजोबा, पंचाहत्तरी ओलांडलेले. त्यांना ऑगस्ट २०२२ पासून पूर्ण माफी. त्यांच्याशेजारी पासष्टीचे एक, त्यांना निम्मं. बायका सगळ्या निम्म्या तिकिटात, मार्च २०२३ पासून. कंडक्टर मशीनवर एकेक सवलत निवडतो, चिठ्ठी फाडतो, आणि नसरापूर येईपर्यंत गाडी गच्च भरलेली असते; पण पूर्ण तिकीट काढणारे हाताच्या बोटांवर मोजावेत इतके. बाकीच्यांचे पैसे मंत्रालयातून प्रतिपूर्ती म्हणून यायचे असतात. ते येतात, पण त्यांची वाट बघावी लागते, आणि एसटीच्या लोकांचा पगारही त्या वाटेवरच अडकतो. वर तिकिटात साडेसतरा टक्के प्रवासी कर असतो. म्हणजे सरकार एका खिशातून सवलतीचे पैसे देणार आणि दुसऱ्या खिशात कर घेणार.

गाडी सकाळी भरून गेली तरी परतताना दुपारी रिकामी असते. किलोमीटरमागे खर्च आणि किलोमीटरमागे उत्पन्न असे दोन आकडे मांडले की डोंगराच्या पोटातली प्रत्येक फेरी लाल दिसते. ऑगस्ट २०२४ मध्ये एसटीला महिन्यापुरता १६ कोटी ८६ लाखांचा नफा झाला तर त्याची बातमी झाली, कारण नऊ वर्षांत तसं झालं नव्हतं. पुढच्या वर्षीच्या श्वेतपत्रिकेत संचित तोटा दहा हजार कोटींवर गेलेला. शहराला पैसा आधी मिळतो, त्याला भांडवल म्हणतात. खेड्याच्या गाडीला तो नंतर मिळतो, त्याला तोटा म्हणतात. खर्च दोन्हीकडे सरकारचाच.

हा फरक सगळ्यात उघडा पडला तो एसटीच्या संपात. ऑक्टोबर २०२१ च्या अखेरीपासून एप्रिल २०२२ पर्यंत लाल गाड्या बंद. ग्रामीण भागात त्या काळात पीएमपीच्या बस धावल्या आणि लोकांना शहराच्या गाडीची सवय लागली. मग एसटीने आपल्या हद्दीतले मार्ग परत मागितले, पीएमपीलाही ते तोट्याचेच होते, आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये मार्ग बंद व्हायला लागले. कात्रज सर्पोद्यान ते विंझर हा पहिल्याच यादीत. साठ-चाळीसच्या सूत्रात विंझरची तूट कुठल्या रकान्यात बसवायची? आमच्या वेल्हे तालुक्याचा काही भाग पीएमआरडीएच्या हद्दीत आहे खरा. नकाशावर महानगर झालो, गाडी मात्र जुन्याच वेळेला, आली तर आली.

गाडीचा भरवसा गेला की माणूस काय करतो? आधी वडाप. पोरं फाट्यापर्यंत जीपच्या मागे लोंबकळत जातात. मग घरातला कमावता हप्त्यावर दुचाकी घेतो. एकदा दुचाकी आली की तो चेलाडीला गाडी लावून बस धरत नाही, थेट पुण्यात जातो. कात्रजच्या उतारावर ती गाडी शहराच्या गर्दीत मिसळते आणि शुक्रवार पेठेतल्या कुणाच्या तरी दारापुढे उभी राहते. मग पेठेतला माणूस चिडतो, पालिका पार्किंगची इमारत बांधायला काढते. गुंजवण्याची एक फेरी रद्द झाल्याचा खर्च असा शेवटी पेठेतच फिटतो, फक्त तो एसटीच्या ताळेबंदात दिसत नाही. स्वारगेटला एसटीचं स्थानक, पीएमपीचा थांबा आणि मेट्रो एकमेकांना खेटून आहेत. पैशाचे गल्ले मात्र तीन, आणि एकातला पैसा दुसऱ्यात जात नाही.

गेल्या वर्षा-दोन वर्षांत उलटा लोंढा सुरू झालाय. जुलै २०२५ मध्ये राजगड जागतिक वारसा यादीत गेला, वेल्हे तालुक्याला राजगडाचं नाव मिळालं, आणि रविवारी चोरदरवाजाच्या वाटेने चढणाऱ्यांच्या मोटारी गुंजवण्यात मावेनाशा झाल्या. जे अप्पा बळवंत चौकात होतं ते आता भाताच्या बांधावर. शेजारी सिंहगडावर मे २०२२ मध्ये खासगी गाड्या बंद करून पीएमपीच्या ई-बस सोडल्या होत्या. विचार योग्य होता, पण गाड्या आणि चार्जिंग पुरे पडेना आणि पंधरवड्यातच तो गुंडाळला. तिथेही हेच झालं: बंदी आधी, बसची सोय नंतर.

गुंजवण्यात क्रम उलटा करता येईल. पायथ्याला मोटार लावण्याचे पैसे घ्यावेत, चांगले घसघशीत, आणि ते कुठल्याही सर्वसाधारण फंडात न घालता ग्रामपंचायत व एसटीच्या पुणे विभागाने करार करून याच मार्गाच्या तुटीत भरावेत. स्वारगेटच्या मेट्रोतून बाहेर पडणाऱ्या भटक्याला शनिवारी-रविवारी समोरच राजगडची पाटी लावलेली गाडी दिसेल, आणि सोमवारी सकाळी तीच गाडी पोरींना विंझरच्या कॉलेजला सोडेल.